पार्टीसाठी खुळखुळे करताय? आधी हे वाचा

सजावटीपेक्षा आधी आवाजाकडे बघा. नवीन माणूस हमखास डबी काठोकाठ भरतो आणि मग ती वाजतच नाही. दाण्यांना आपटायला जागा हवी, म्हणून पाव भाग, फार तर एक तृतीयांश भरा. तांदळाचा आवाज बारीक, सळसळता येतो. राजमा किंवा मोठे मणी टाकले की खडखडाट. दोन्ही थोडे थोडे मिसळून बघा, मला तोच आवाज आवडतो. डबीनेही फरक पडतो: पत्र्याची कर्कश, पुठ्ठ्याची दबकी. बंद दालनात पंधरा मुलं एकदम वाजवणार असतील तर पुठ्ठाच बरा, कानांची दया करा!

झाकण पक्कं करण्याआधी ते हाताने दाबून मुलांना वाजवून बघू द्या. दाणे कमी-जास्त करण्यातच त्यांची खरी गंमत असते. मग झाकणाच्या कडेवर, अर्धी पट्टी झाकणावर आणि अर्धी डबीवर येईल अशी चिकटपट्टी दोन वेढे फिरवा. डबीऐवजी दोन कागदी ताटल्या समोरासमोर ठेवून स्टेपल करणार असाल तर पिनांवरूनही पट्टी लावा, बोटं ओरखडतात.

प्लास्टिकवर साधा पांढरा गोंद टिकत नाही. बाटलीला आधी कागद गुंडाळा, मग रंगवा. रंग वाळायला वेळ लागतो, तेव्हा रंगकाम आदल्या दिवशीच उरका. पार्टीत फक्त भरणं आणि स्टिकर ठेवा.

तीन वर्षांखालची मुलं असतील तर मात्र दाणे मोठ्यांनीच भरावेत. सुटा दाणा घशात अडकू शकतो.