निषेध ‘करणं’ आणि निषेध ‘असणं’

इंदूरहून एका बाईंनी विचारलं आहे. त्यांच्या भागातल्या मराठी मंडळाने शाळकरी मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय दिला: ‘राष्ट्रीय समारंभात सैनिकांना निषेध करता येतो का?’ त्यांच्या मुलीने शेजारच्या काकांना मदत मागितली. काका महूच्या छावणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरची भाषा हिंदी. विषय ऐकून ते म्हणाले, ‘‘बेटा, निषेध सैनिक थोड़े ही करता है, निषेध तो ऊपर से होता है.’’ बाईंचा प्रश्न असा, की मंडळाचा शब्द चुकला का? निषेध, विरोध आणि निदर्शनं यांतलं इथे काय बसतं?

शब्द चुकलेला नाही. वाक्य मात्र अपुरं आहे, आणि सुभेदारकाकांचं म्हणणंही खरं आहे. इंदूरच्या मराठी माणसाला हा पेच रोजचा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘निषेध’मध्ये ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘सिध्’ हा धातू आहे. सिध् म्हणजे दूर सारणं, हाकलणं. ‘नि’मधल्या इकारामुळे ‘स’चा ‘ष’ झाला. संस्कृतात विधी म्हणजे ‘हे कर’ आणि निषेध म्हणजे ‘हे करू नको’. हिंदीने तेवढंच ठेवलं: मद्यनिषेध, धूम्रपान निषेध, प्रवेश निषेध. मराठीतही तो अर्थ ‘विधिनिषेध’ आणि ‘निषिद्ध’ या शब्दांत जिवंत आहे. ‘त्याला कशाचाच विधिनिषेध नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा कोणी कशाविरुद्ध घोषणा देत नसतं. पण मराठीने या शब्दाला दुसरंही काम दिलं: ‘हे मला मान्य नाही’ असं चारचौघांत सांगणं. पहिल्या अर्थाचा निषेध ज्याच्या हाती अधिकार आहे तो करतो. दुसऱ्या अर्थाचा, बहुतेक वेळा, ज्याच्या हाती फक्त बोलणं उरलं आहे तो करतो.

मी सात-आठ वर्षांची असताना आजोबांबरोबर महूला गेले होते. एका फाटकावर लाल अक्षरांत ‘प्रवेश निषेध’ लिहिलं होतं. मी विचारलं, ‘‘आजोबा, हे लोक प्रवेशाचा निषेध का करतायत?’’ आजोबा तिथेच थांबले. ‘‘प्रवेशाचा नाही, प्रवेशाला. ‘ला’ लाव आणि मग शब्द बदल. प्रवेशाला मनाई.’’ त्या एका प्रत्ययावर मी आजही हे दोन अर्थ वेगळे करते. ‘हल्ल्याचा निषेध’, ‘दरवाढीचा निषेध’ असं षष्ठीतलं काही पुढे असलं, की मराठी निषेध. जिथे ‘ला’ किंवा ‘स’ लावावासा वाटतो, तिथे मनाई किंवा बंदी म्हणावं.

मंडळाच्या विषयात नेमकी ती षष्ठी नाही. कशाचा निषेध, ते सांगितलेलंच नाही. त्यामुळे मराठी वाचकालाही क्षणभर वाटतं, की सैनिक समारंभाचाच निषेध करणार आहे. हिंदी कानाला तर मनाईच ऐकू येणार.

मग ‘विरोध’ घालावा का? मला तो इथे पातळ वाटतो. विरोध मनातल्या मनात असू शकतो, मतपेटीत असू शकतो. निषेध उच्चारल्याशिवाय होत नाही, म्हणून तर आपण तो ‘नोंदवतो’ किंवा ‘व्यक्त करतो’.

‘निदर्शनं’ हा शब्द आणखी वेगळा. निदर्शन म्हणजे दाखवणं. ‘निदर्शनास आणून देणं’ यात तो अजून शांतपणे तेच काम करतो. अनेकवचनात तो रस्त्यावर येतो. इथेही इंदुरात घोटाळा ठरलेला, कारण हिंदीत निदर्शनांना ‘प्रदर्शन’ म्हणतात. एकदा मी पुण्याच्या मावशीला फोनवर सांगितलं, ‘‘आज कलेक्टर कचेरीसमोर प्रदर्शन आहे, उशीर होईल.’’ तिने विचारलं, ‘‘कसलं गं, हातमागाचं?’’ ती चुकली नव्हती. माझ्या मराठीत हिंदी शिरली होती.

निदर्शनांचा ‘दाखवणं’ हा मूळ अर्थ कायद्यातही उतरला आहे. बिहार सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना कुठल्याही प्रकारची निदर्शनं करायला बंदी घातली होती. कामेश्वर प्रसाद खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट बंदी रद्द केली. न्यायालयाने म्हटलं, की निदर्शनं गोंगाटाची असू शकतात आणि नुसता बिल्ला लावून गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधण्याइतकी शांतही असू शकतात. आपली काळी फीत ती हीच. म्हणजे मुलगी ‘सैनिक काही बोलला नाही, नुसती फीत लावली, मग ती निदर्शनं कशी?’ असा मुद्दा मांडणार असेल तर तो टिकणार नाही. न बोलता दाखवणं हेही निदर्शन.

मात्र तो निकाल मुलकी नोकरांसाठी. सैनिकाची गोष्ट निराळी आहे. राज्यघटनेच्या ३३व्या अनुच्छेदाने सैन्यदलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्यातून १९५०च्या सेना अधिनियमाचं कलम २१ आलं. सभेला जाणं, भाषण करणं, निदर्शनांत भाग घेणं, वृत्तपत्रांकडे जाणं, यांवर सरकार नियम करून बंधनं घालू शकतं, आणि १९५४च्या नियमांनी ती घातली. सुभेदारकाकांच्या भाषेत सांगायचं तर सैनिकाच्या निदर्शनांवर निषेध आहे. २०१५ साली ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी जंतरमंतरवर बसले ते माजी सैनिक होते. त्यांच्यावर तो कायदा लागू नव्हता. बातमी सांगताना ‘माजी’ गाळलं, तर वाक्य खोटं होतं.

राष्ट्रगीताचंही एक सांगते, कारण मुलांच्या भाषणात ते येणारच. न म्हणणं आणि निषेध करणं एक नव्हे. केरळातली तीन मुलं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत. त्यांना शाळेतून काढलं, ते सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चुकीचं ठरवलं. ती मुलं कशाचाही निषेध करत नव्हती. त्यांच्यासाठी ‘म्हणण्यास नकार’ हा शब्दही मला थोडा चढा वाटतो. ‘ती म्हणत नसत’ एवढंच पुरे.

विषयाचं मूळ बहुधा अमेरिकेतल्या वादात आहे, आणि तिथे तर भाषांतर करणाऱ्याची परीक्षाच आहे. कॉलिन केपर्निक हा फुटबॉलपटू २०१६ साली वर्णभेद आणि पोलिसांचे अत्याचार यांच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला. मग नेट बोयर या माजी सैनिकाशी बोलणं झाल्यावर तो एका गुडघ्यावर बसू लागला. हे मराठीत ‘त्याने गुडघे टेकले’ असं लिहिलं की उलटा अर्थ होतो, कारण आपल्याकडे गुडघे टेकणं म्हणजे शरण जाणं. ‘एका गुडघ्यावर बसला’ असंच लिहावं लागतं.

तो खेळाडू नागरिक होता. तिथल्या गणवेशातल्या सैनिकाने मात्र राष्ट्रगीताच्या पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सलामीत राहावं, असं अमेरिकी कायद्यात लिहिलं आहे. म्हणून सैनिक तसाच एका गुडघ्यावर बसला तर वरिष्ठ त्याला निषेध म्हणणार नाहीत, अवज्ञा म्हणतील. कृती एकच असली तरी गणवेशामुळे नाव बदलतं. मुलीने भाषणात यावरच भर द्यावा असं मला मनापासून वाटतं. सैनिकालाही मन असतं, आणि त्याने मान खाली घालून सगळं गिळावं असं मी म्हणणार नाही. पण हुकुमाच्या रांगेत उभं राहून दिलेला नकार शेजारच्यालाही गुंतवतो.

मग त्याने सांगायचं कुठे? त्यालाही आपल्याकडे शब्द आहे, पण तोही इंदुरात निसटतो. ‘तक्रार’ म्हटलं, तर हिंदीत तकरार म्हणजे भांडण. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘पुन्हा पुन्हा करणं’; त्यातून हिंदीने वादावादी घेतली, आपण गाऱ्हाणं घेतलं. तेव्हा सुभेदारकाकांसमोर ‘सैनिकाला तक्रार करता येते’ असं म्हटलं, तर ते पुन्हा दचकतील. त्यापेक्षा ‘दाद मागणं’ घ्यावं. फारसीत दाद म्हणजे न्याय. सेना अधिनियमाच्या २६ आणि २७ या कलमांत सैनिकाला आणि अधिकाऱ्याला अन्यायाविरुद्ध वरिष्ठांकडे पायरीपायरीने दाद मागता येते. पलटणीतलं सैनिक संमेलन, ज्याला जुने लोक दरबार म्हणतात, तिथेही जवान उभा राहून आपलं म्हणणं मांडतो. काकांना त्या दरबाराबद्दल जरूर विचारा. कुठलाही कोश सांगणार नाही ते त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल.

मंडळाला विषय बदलून हवा असेल, तर मी तो असा लिहीन: ‘सेवेत असलेल्या सैनिकाला राष्ट्रीय समारंभात सरकारी धोरणाचा निषेध व्यक्त करता यावा का?’ ‘धोरणाचा’ आला, त्यामुळे समारंभ सुटला. ‘येतो का’चं ‘यावा का’ मी मुद्दाम केलं आहे. ‘येतो का’ याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात एका ओळीत मिळतं, मग मुलांनी बोलायचं काय?