उत्तर: मुलगा अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनबॅकर आहे, ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ घ्यावं का?

ताई, टेक्सास, अकरावीतला मुलगा, मिडल लाइनबॅकर (बचावफळीच्या मधला खेळाडू), एका कॉलेजच्या कोचने तोंडी देऊ केलेली ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ (स्कॉलरशिपशिवायची) जागा आणि ‘हाडं मोडून घ्यायला पाठवलंय का तिकडे’ म्हणणारे पुण्यातले आजी-आजोबा. तुमच्या पोस्टमधलं सगळं आमच्या घरी होऊन गेलंय. पण मी अडकले ते तुम्ही जाता जाता टाकलेल्या वाक्यावर: ‘केमिस्ट्री उन्हाळ्यात ऑनलाइन उरकणार आहे, काउन्सेलर (शाळेतल्या सल्लागार) म्हणाल्या ग्रॅज्युएशनला, म्हणजे शाळा पास व्हायला, चालतं.’ वॉक-ऑनचं नंतर. आधी ही केमिस्ट्री.

ग्रॅज्युएशनला चालतं ते एनसीएएला, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेला, चालेलच असं नाही. डिव्हिजन १ ला, म्हणजे कॉलेजांच्या सर्वात वरच्या गटात खेळायला, १६ कोर कोर्स (मुख्य शालेय विषय) लागतात, हे तुम्हाला माहीत असणारच. त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत, आणि त्या दहातले ७ इंग्रजी, गणित आणि विज्ञानातले. ही अट शाळेच्या कुठल्याही फॉर्मवर नसते. तुमचा मुलगा अकरावीत आहे, म्हणजे तुमच्या हातात हा उन्हाळाच काय तो आहे.

आमच्याकडे काय झालं सांगते. दुपारचा तास फुटबॉलसाठी मोकळा राहावा म्हणून शाळेच्या काउन्सेलिंग ऑफिसनेच सुचवलं की विज्ञानाचा एक विषय सुट्टीत ऑनलाइन करा. व्हिडिओ बघायचे, प्रश्नांवर टिचक्या मारायच्या, काही आठवड्यांत क्रेडिट हातात. चिरंजीवांना ए मिळाला. एनसीएएला ऑनलाइन कोर्सचं वावडं नाही, पण त्यात शिक्षक आणि विद्यार्थी यांचा नियमित संपर्क हवा आणि कोर्सला ठरावीक मुदत हवी. आमच्या कोर्समध्ये शिक्षक नावाचा माणूसच नव्हता. शाळेच्या मंजूर यादीत तो कोर्स नव्हता, आणि हे कळलं बारावीच्या डिसेंबरमध्ये, तेही कॉलेजच्या कोचकडून. दहाच्या जागी नऊ भरले. ग्रेड उत्तम असून मुलगा ‘अकॅडेमिक रेडशर्ट’ ठरला. म्हणजे स्कॉलरशिप घेता येते, पहिल्या सत्रात सरावही करता येतो, पण पहिलं वर्षभर सामना खेळायचा नाही. ज्या मुलाला वर्षभर उतरवता येणार नाही त्याच्यासाठी कोच जागा अडवून ठेवत नाही. फोन यायचे थांबले, आणि मग एक फार गोड ईमेल आली.

त्यानंतर त्या ऑफिसने जे केलं त्याचा राग अजून गेलेला नाही. सल्ला देणाऱ्या बाई बदलून गेल्या होत्या. नव्या म्हणाल्या, असा सल्ला दिल्याची नोंदच नाही. कोर्सचा तपशील मंजुरीसाठी पाठवायचं काम शाळेचं असतं, पालक ते करू शकत नाहीत. ते करा म्हणून मागे लागलो तर ‘जिल्हा कार्यालयाला विचारतो’, आणि जिल्हा कार्यालय म्हणे ‘शाळेला विचारा’. सरकारी कचेरीतल्या चकरा भारतात सोडून आलो असं वाटायचं, इथे फक्त एसी होता. सूट मिळवण्यासाठी वेव्हर असतो, पण तो अर्ज मुलाला घेऊ इच्छिणारं कॉलेज करतं, पालक नाही. कॉलेजनेच हात काढून घेतल्यावर अर्ज करणार कोण?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, कोणाला कडू वाटलं तरी चालेल: काउन्सेलरचं तोंडी ‘ओके’ शून्य किमतीचं समजा. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या विभागाच्या) साइटवर शाळेचा सहा आकडी कोड टाकला की मंजूर कोर्सची यादी दिसते, कोणालाही दिसते. ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रिकेवर) जे नाव आहे तेच यादीत आहे का, हे स्वतः ताडून बघा. नसेल तर पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. सगळ्याच काउन्सेलर अशा नसतात, धाकटीच्या वेळी देवमाणूस भेटली. पण एकेकीच्या डोक्यावर शेकडो मुलं असतात आणि त्यातली कॉलेजात खेळणारी मोजकीच.

(मी वकील नाही, कोचही नाही. नियम बदलत राहतात. आमच्या वेळी एसएटी या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर लागायचा, २०२३ मध्ये ती अट गेली. शेवटचा शब्द एलिजिबिलिटी सेंटरचा.)

मुलाचं पुढे वाईट झालं नाही. डिव्हिजन २ ला, म्हणजे त्याखालच्या गटात, १६ कोर लागतात, पण ‘बारावीआधी दहा’ ही अट नाही. एका लहान कॉलेजने अर्धवट स्कॉलरशिप दिली. तिथे फुटबॉलच्या ३६ स्कॉलरशिपचे तुकडे करून वाटतात, त्यातला एक तुकडा. सुरुवातीला किक-ऑफला जीव खाऊन धावणं एवढंच काम होतं, मग ‘विल’ म्हणजे वीकसाइड (एका बाजूचा) लाइनबॅकर झाला. उंची बेताचीच, पण समोरच्या गार्डचं (आक्रमणफळीतल्या खेळाडूचं) पाऊल कुठे पडतंय त्यावरून चेंडू कुठे जाणार हे त्याला आधी कळायचं. खांद्याची शस्त्रक्रिया झाली, शेवटचं वर्ष निम्मं बाकावर गेलं. आता नोकरी करतो. एनएफएल (व्यावसायिक लीग) वगैरे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. प्रेफर्ड वॉक-ऑन म्हणजे संघात जागा, पण पैसे नाहीत. पूर्वी वरच्या गटात ८५ स्कॉलरशिप आणि त्यावर वॉक-ऑनची मोठी फौज असायची. मग खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएवर घातलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड जून २०२५ मध्ये मंजूर झाली. तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा राहिली नाही, पण संघ जास्तीत जास्त १०५ जणांचा झाला. कात्री लागली ती वॉक-ऑनलाच. तेव्हा कोचला सरळ विचारा: माझा मुलगा त्या १०५ मध्ये धरलाय का, आणि ऑगस्टमध्ये कोणी ट्रान्सफर होऊन आला तर काय? उत्तर गुळमुळीत आलं तर फी आणि अभ्यासक्रम बघून कॉलेज निवडा, फुटबॉल बघून नको. क्ले मॅथ्यूजचं उदाहरण लोक तुम्हाला देतीलच: यूएससी या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात वॉक-ऑन म्हणून आला आणि २००९ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघांच्या खेळाडू-निवडीत) पहिल्या फेरीत ग्रीन बे पॅकर्सने निवडला. खरं आहे, पण त्याचे वडीलही एनएफएलचे लाइनबॅकर होते. ती फूटपट्टी आपल्या घरात लावू नका.

आपल्यापैकी, म्हणजे भारतीयांपैकी, कोणी या जागेवर खेळलंय का, असं विचारलंत. ब्रँडन चिल्लर. वडील भारतीय, स्वतः कॅलिफोर्नियात वाढलेला. यूसीएलए विद्यापीठात लाइनबॅकर, २००४ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत सेंट लुईस रॅम्सकडे, नंतर पॅकर्समध्ये. पुढे त्याने भारतातल्या एलिट फुटबॉल लीगमध्ये (तीही अमेरिकन फुटबॉलची) पैसेही घातले, ज्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता! आजोबांना हे ऐकवा. आमच्याकडे त्यानंतर निदान टॅकल म्हणजे काय हे विचारण्यापर्यंत प्रगती झाली.

एक आगाऊ सूचना, तुम्ही विचारलेली नसली तरी. नववी भारतात झाली असेल तर तिची गुणपत्रिका शोधून ठेवा. एनसीएए नववीपासूनची कागदपत्रं मागते, आणि कोर कोर्स पुरे करायच्या मुदतीचं घड्याळ नववीला पहिल्यांदा बसल्यापासून चालू होतं. ‘इथे आल्यावर एक वर्ष परत करू, अंगही भरेल’ हा सल्ला पॉटलकला (आपापला डबा आणून होणाऱ्या जेवणाला) हमखास मिळतो. ऐकू नका. आणि पैसे घेऊन ‘रिक्रूटिंग’ (कॉलेजच्या संघात निवड) करून देतो म्हणणाऱ्यांचे फोन येतील, ते ठेवून द्या. चांगल्या खेळाची चित्रफीत कोचला स्वतः पाठवता येते.

केमिस्ट्रीचं मात्र याच आठवड्यात बघा. यादीत सापडली नाही तर कोर्सचं नाव इथे टाका, शाळेचं नको. इथल्या दोघातिघांच्या मुलांनी टेक्सासमध्येच ऑनलाइन विज्ञान करून पात्रता मिळवली आहे, त्यांना नक्की माहीत असेल कुठला चालतो.