हीटरला कॉन्टॅक्टरच (कॉइलने ओढला जाणारा यांत्रिक स्विच) ठेवू, की ४० अँपिअरचा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) थेट लावू?

तुमचा हीटर २५ अँपिअरचा, कॉन्टॅक्टर सारखा खटखटतो, पॉइंट जळतात. मान्य. पण 'थेट' वाचलं आणि भोसरीतलं जुनं वर्कशॉप आठवलं.

तिथे मोल्डिंग मशीनच्या बॅरलचा (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीच्या हीटरचा) कॉन्टॅक्टर काढून मी एसएसआर बसवला. हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) मागितला, तर मालक म्हणाले, "वर ४० लिहिलंय, आपण खेचतोय २२. अजून काय पाहिजे?" बसवला पॅनेलच्या रंगवलेल्या पत्र्यावर, उष्णता वाहून नेणारी पेस्टसुद्धा न लावता. एसएसआरमध्ये सव्वा ते दीड व्होल्ट पडतात, म्हणजे २२ अँपिअरला तीसेक वॅटची उष्णता. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न चालू करून पॅनेलचं दार लावा, तेच झालं. वरचा ४० चा आकडा हीट सिंकसकट असतो.

मे महिन्यात रात्रपाळीला तो एसएसआर गेला. बिघडला की एसएसआर बहुतेक वेळा शॉर्टच होतो, ओपन नाही. तापमान कंट्रोलरचा आउटपुट दिवा बंद, डिस्प्लेवर सेट २१० अंश, आणि बॅरल २९० वर. धूर निघाला तेव्हा ऑपरेटरने एमसीबी पाडला. सकाळी ऐकायला मिळालं, "वायरिंग तुझंच ना?"

मी आधीच सांगितलं होतं की एसएसआरच्या मागे सिरीजमध्ये एक कॉन्टॅक्टर ठेवू, कंट्रोलरच्या अलार्म रिलेवर. एरवी तो नुसता धरून राहील, तापमान हाताबाहेर गेलं तरच सुटेल. उत्तर मिळालं, "एका कामाला दोन कशाला?" याला मी आजही काटकसर म्हणत नाही.

तर लावा एसएसआर, हीट सिंक आणि मागे कॉन्टॅक्टरसह. पॅनेल भट्टीशेजारी असेल तर पंखाही लागेल. नुसत्या कॉन्टॅक्टरवरच राहायचं असेल तर आधी कंट्रोलरचा सायकल टाइम (किती सेकंदांनी एकदा चालू-बंद करतो ते) बघा. दोन सेकंदांवर असला तर पूर्ण दिवसात ४३,२०० वेळा ओढतो, पॉइंट जळणारच. वीस सेकंद करून बघा, कदाचित खर्चच वाचेल.

हे सगळं एसी हीटरपुरतं. डीसी लोडवर एसीचा एसएसआर एकदा लागला की सुटतच नाही. आणि बंद असतानाही त्यातून काही मिलीअँपिअर गळतात, तेव्हा हीटर बदलताना एमसीबी पाडा.

आमच्याकडे त्या बॅरलमधला प्लास्टिक ढकलणारा स्क्रू बाहेर काढून साफ करण्यात दोन दिवस गेले. कॉन्टॅक्टर विकत आणायचाही नव्हता. एसएसआर बसवताना काढलेला तिथेच मशीनखाली पडला होता.