नाशिकच्या गंगापूर धरणावर वारा झोतांनी यायला लागला की माझी छोटी शिडाची होडी उलटते. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड लेझर (एकट्याने चालवायची छोटी होडी) घेतलीत, सकाळच्या मंद वाऱ्यात छान जमते, पण दुपारनंतर वारा झटक्याझटक्याने यायला लागला की टिलर (सुकाणूचा दांडा) कितीही घट्ट धरला तरी होडी आडवी होते. तुमचं उत्तर त्या ‘घट्ट धरला’मध्येच आहे. झोत आला की सुकाणूशी झुंजू नका. शिडाला ढील द्या.

मी मूळचा येवल्याचा. होडी नंतर मुंबईला नोकरीत असताना शिकलो, पण ढील म्हणजे काय ते संक्रांतीला गच्चीवर आसारी (मांजाची फिरकी) धरतानाच हाताला कळलं होतं. वाऱ्याचा जोराचा झोत आला आणि मांजा आवळून धरला की पतंग गोता खातो. सोडला की सावरतो, आणि सावरल्याबरोबर खेचला की वर चढतो. शिडाचंही तसंच आहे. फरक इतकाच की इथे पतंगाच्या जागी तुम्ही स्वतः बसलेले असता.

हे इतकं झटपट का करावं लागतं? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 10 नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) वारा 14 झाला की शिडावरचा दाब जवळपास दुप्पट होतो आणि 20 झाला की चौपट. म्हणजे अंगाला ‘थोडा वाढलाय’ असं वाटेपर्यंत होडीचा तोल गेलेला असतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. झोत लागताक्षणी मेनशीट, म्हणजे शीड ओढून धरणारी दोरी, हातभर सोडा. त्याच वेळी पाय हायकिंग स्ट्रॅपखाली (होडीतल्या पट्ट्याखाली) अडकवून कंबर कडेच्या बाहेर काढा आणि पाठ पाण्यावर झुकवा. होडी सपाट झाली की सोडलेली दोरी परत ओढून घ्या. ही शेवटची पायरी नवशिके विसरतात आणि शीड फडफडत ठेवून बसतात. ओढलीत तर झोताची सगळी ताकद वेगात जाते, होडी अक्षरशः उसळून पुढे निघते. पहिल्यांदा जमेल तेव्हा तुम्हालाच कळेल की उलटवणारा वारा आणि पळवणारा वारा एकच आहे.

टिलर जड लागायला लागला की समजा, शीड जास्त ओढलंय आणि होडी कललीय. कललेली होडी आपोआप वाऱ्याकडे वळू बघते. आपण टिलर ओढून तिला अडवतो, मग सुकाणू ब्रेकसारखं पाणी अडवतं, वेग पडतो आणि पुढचा झोत आडवं करतो. अशा वेळी टिलर थोडा सैल सोडून होडीला किंचित वाऱ्याकडे जाऊ दिलं तरी चालतं. फक्त इतकी वळू देऊ नका की ती वाऱ्याच्या तोंडावर उभी राहील. तिथे ती थांबते आणि मागे सरकायला लागते, आणि मागे सरकताना सुकाणू उलटं चालतं.

मेनशीट क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या चापात) अडकवू नका आणि हाताला गुंडाळू नका. एका एप्रिलच्या संध्याकाळी मी हात दुखतो म्हणून ती अडकवली होती. वळवाचा ढग अजून लांब आहे असं वाटत होतं. आधी गार हवा आली, मातीचा वास आला, आणि मी क्लीटकडे हात नेईपर्यंत शीड पाण्यावर आपटलं होतं. तसा ढग दिसला की त्याखालून कोसळणारी थंड हवा सगळीकडे पसरते आणि वाऱ्याची दिशा क्षणात बदलते. त्यात कसब दाखवायला जाऊ नका. काठ गाठा.

बाकी दिवसांत झोत आधी दिसतो. पाण्यावर गडद चट्टा सरकत येतो, आतलं पाणी बारीक शहारलेलं असतं. नजर शिडावर न ठेवता वाऱ्याकडच्या पाण्यावर ठेवा. आपल्याकडे पश्चिमेचा वारा त्र्यंबकच्या डोंगररांगांना अडखळत येतो, म्हणून समुद्रावर मिळतो तसा एकसारखा मिळत नाही. जोर बदलतो, दिशाही हलते. आणि झोताइतकंच फसवं असतं ते झोत संपणं. तुम्ही बाहेर झुकलेले, वारा अचानक पडतो आणि होडी तुमच्याच अंगावर येते. तेव्हा अंग ताबडतोब आत घ्या.

निघण्याआधी शीड सपाट करून घ्या: वँग (शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, खाली ओढणारी दोरी) आणि कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) चांगले आवळा, आउटहॉल (शिडाचा मागचा कोपरा बूमवर ताणणारी दोरी) ताणा. फुगीर शीड मंद वाऱ्यासाठी. पाण्यावर सगळीकडे पांढरे तुरे दिसत असतील तर पूर्ण 7.06 चौरस मीटरचं शीड तुम्हाला सध्या नको. त्याच होडीवर रेडियल या लहान शिडाच्या प्रकाराचं 5.76 चौरस मीटरचं शीड बसतं, फक्त डोलकाठीचा खालचा भाग आखूड लागतो. ते कमीपणाचं वाटून घेऊ नका. भारताची शिडनौकापटू नेत्रा कुमानन टोकियो ऑलिंपिकला गेली ती रेडियलमध्येच. दुसरं शीड नसेल तर आउटहॉल सोडून डोलकाठी स्वतःभोवती एक-दोनदा फिरवा. शीड तिच्यावर गुंडाळलं जाऊन लहान होतं.

वारा पाठीमागून असताना होडी शांत वाटते, पण तिथेच ती वाऱ्याच्या बाजूला लोळते. वँग सैल आणि शीड पार बाहेर सोडलेलं असलं की वरचा भाग पुढे वळतो आणि डोलकाठीला तुमच्या बाजूला ढकलतो. शीड थोडं आत ओढा, डॅगरबोर्ड (होडीखाली पाण्यात जाणारी फळी) पूर्ण वर काढू नका. जाइब (पाठीमागच्या वाऱ्यात वळून शीड दुसऱ्या बाजूला नेणं) करायचीच असेल तर होडी सगळ्यात वेगात असताना करा, कारण तेव्हा शिडाला जाणवणारा वारा सगळ्यात कमी असतो. घाबरून वेग कमी करून केली तर बूम दणक्यात येतो. लेझरमध्ये आणखी एक खोड आहे: बूम फिरताना मेनशीट होडीच्या मागच्या कोपऱ्यात अडकते. बूम डोक्यावरून जात असतानाच दोरीला एक झटका द्या, ती उडून मोकळी होते. मन धजत नसेल तर सरळ वाऱ्याच्या तोंडावरून वळसा घालून टॅक करा. मी जोराच्या वाऱ्यात आजही बऱ्याचदा तेच करतो.

उलटलात तर होडी सोडून पोहत निघू नका. मेनशीट मोकळी करा, होडीचं नाक वाऱ्याकडे येऊ द्या, मग डॅगरबोर्डवर वजन टाका. मे महिन्यात पाणी उतरलेलं असताना लवकर हालचाल करा. होडी पूर्ण पालथी झाली तर डोलकाठीचं टोक गाळात रुततं. माझं त्या संध्याकाळी तेच झालं होतं. घाईत जोर लावला तर डोलकाठी वाकते, म्हणून हळूहळू, होडी वाऱ्याच्या अंदाजाने फिरवत सोडवावी लागली.

आपल्या धरणाची एक गोष्ट नकाशावर बघून ठेवा. भिंत पाण्याच्या पूर्वेला आहे आणि पावसाळी वारा पश्चिमेचा. म्हणजे काहीही बिघडलं की होडी वाहत जाते ती भिंतीच्या दगडांकडे. म्हणून आधी वाऱ्याकडे वर चढून जा आणि सराव तिथेच करा, भिंतीपासून भरपूर पाणी राखून. नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्याच्या बातम्या येत असतील, म्हणजे धरणातून विसर्ग चालू असेल, त्या दिवसांत होडी पाण्यात उतरवूच नका. जलसंपदा विभागाची परवानगी, अंगात लाइफ जॅकेट आणि काठावर लक्ष ठेवणारा एक माणूस, हे तुमच्याकडे असेलच असं धरून चालतो.

या रविवारी 8-10 नॉटच्या वाऱ्यात एवढंच करा: गडद चट्टा दिसला की तो पोचायच्या आधी मोठ्याने ‘झोत’ म्हणा आणि दोरीवरची पकड सैल करा. तासभर एवढंच. मग इथेच लिहा, किती वेळा आधी म्हणता आलं.