बोअरआधी ‘वॉटर डिटेक्टर’वाल्याला बोलवावं का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की दिग्रसकडच्या वावरात बोअर मारायचा आहे, गावात एक जण ‘वॉटर डिटेक्टर’ घेऊन फिरतो, त्याला बोलवावं की हातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्या पाणाड्याला. मी दर्यापूरकडचा, इकडे दोन्ही प्रकारची माणसं येतात.

आधी मशीन कोणतं ते बघा. चार लोखंडी खुंट्या ठोकून तारा जोडत असेल, तर ते रेझिस्टिव्हिटी मीटर. बाहेरच्या दोन खुंट्यांतून करंट सोडायचा, आतल्या दोघींमध्ये व्होल्टेज मोजायचं. खुंट्या लांब लांब नेल्या की जास्त खोलीचा अंदाज येतो. हे पाणी शोधत नाही, जमीन विजेला किती अडवते तेवढंच सांगतं. अखंड काळा पाषाण भरपूर अडवतो, भेगांत पाणी धरलेला दगड कमी. गोची अशी की ओली चिकणमातीही कमीच अडवते. आमच्या खारपाणपट्ट्यात तर आकडा इतका खाली येतो की मशीनवाला खूश, अन् बोअरला लागतं ते खारं पाणी, पिकाला द्यायच्या कामाचं नाही. तुमच्याकडे खाऱ्या पाण्याचा हा घोळ नाही, पण मातीचा आहेच. जवळ तारेचं कुंपण किंवा पुरलेला लोखंडी पाइप असला तरी रीडिंग बिघडतं.

हातात धरायचं, अँटेना गर्रकन फिरणारं यंत्र असेल तर चहा पाजून वाटेला लावा. असंच एक अँटेनावालं एडीई 651 ‘बॉम्ब शोधक’ म्हणून इराकला विकलं गेलं होतं. ते कामाचं नव्हतंच. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला 2013 मध्ये ब्रिटनमध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. मोबाईलवरचं ‘डिटेक्टर’ ॲपही सोडा, फोनमधला चुंबकीय सेन्सर फार तर जवळचं लोखंड ओळखेल.

पाणाड्याच्या नारळावर माझा विश्वास नाही. पण म्हाताऱ्या पाणाड्याला नाला कुठून वळतो, कोणाची विहीर किती खोल गेली, कोणाचा बोअर फेल गेला हे पाठ असतं. ते जरूर विचारून घ्या.

मशीनवाल्याची परीक्षा घ्यायची तर शेजारच्या भर उन्हाळ्यात चालणाऱ्या विहिरीपासून थोडं दूर आणि फेल बोअरपासून थोडं दूर, अशा दोन जागा मोजायला लावा. कोणती कोणती ते सांगू नका. फरक सांगता आला तरच वावरात घ्या. नाहीतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं ऑफिस यवतमाळला आहे, तिथे सर्वेक्षणाची चौकशी करा.