शाडू विरघळत नाही, प्लॅस्टर थोडे विरघळते

प्रश्न : आमच्या इमारतीत यंदा गणपतीचे विसर्जन घरच्या घरी बादलीत केले. आमची शाडूची मूर्ती रात्रभरात पूर्ण विरघळली. शेजारच्यांची प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र चार दिवसांनंतरही जशीच्या तशी होती. शेवटी महापालिकेकडून मिळणारी पांढरी पावडर त्यांनी पाण्यात टाकली, तेव्हा तीही विरघळली. मुळात काही पदार्थ पाण्यात विरघळतात आणि काही विरघळत नाहीत, असे का होते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण सांगितलेल्या हकिकतीत तीनदा विरघळण्याचा विषय आला आहे आणि तिन्ही ठिकाणी जे घडले ते दिसले त्यापेक्षा वेगळे आहे, म्हणून मूळ कारणाकडे वळण्याआधी त्या दोन बादल्यांकडे नीट पाहू.

शाडू ही अतिशय बारीक चिकणमाती. तिचे कण साधारणपणे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतके किंवा त्याहूनही लहान आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात. मूर्ती वाळते तेव्हा हे कण नुसते एकमेकांना चिकटून बसतात. त्यांच्यात नवा रासायनिक बंध तयार होत नाही. त्यामुळे पाणी फटींतून आत शिरले की कण सुटे होतात आणि मूर्ती ढासळते. (हीच माती भट्टीत भाजली असती, तर कण कायमचे जोडले गेले असते, मडके पाण्याने भरूनही टिकते ते त्यामुळे.) सुटे झालेले कण मातीचेच राहतात. बादली न हलवता ठेवली तर ते हळूहळू तळाशी बसतात, आणि तुरटी फिरवली तर लवकर बसतात. मिठाचे पाणी महिनाभर झाकून ठेवले तरी त्यातले मीठ असे खाली बसत नाही, कारण तेथे मिठाचा कण म्हणून काही उरलेलेच नसते. त्याचे एकेक आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले अणू, सुटे होऊन पाण्याच्या रेणूंमध्ये मिसळलेले असतात. आपली शाडूची मूर्ती पाण्यात विखुरली, विरघळली नाही.

आता शेजाऱ्यांची बादली. जिप्सम हे खनिज सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यातील बरेचसे पाणी काढून टाकले की प्लॅस्टर ऑफ पॅरिस मिळते. मूर्तिकार त्यात पाणी कालवतो तेव्हा ते गेलेले पाणी परत घेऊन पुन्हा जिप्सम होते आणि त्याचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतून कठीण होतात. मूर्ती म्हणून आपण पाहतो ते हे जिप्सम, म्हणजे पाण्याचे रेणू धरून ठेवणारे कॅल्शियम सल्फेट. काटेकोर अर्थाने पाहिले तर ते शाडूपेक्षा अधिक विरघळते! एक लिटर पाण्यात सुमारे सव्वादोन ते अडीच ग्रॅम जिप्सम मावते. म्हणजे २० लिटरच्या बादलीत जेमतेम ५० ग्रॅम विरघळेल आणि तेथे पाणी संपृक्त होईल, म्हणजे त्यात आणखी जिप्सम मावणार नाही. पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळायची तर सुमारे दोन हजार लिटर पाणी लागेल. त्यातून वरचा रंग पाण्याला आत सहजासहजी पोहोचू देत नाही. चार दिवस काय, चार महिने वाट पाहिली असती तरी त्या बादलीत मूर्ती शिल्लकच राहिली असती.

मूळ कारण समजण्यासाठी पाण्याचा रेणू कसा आहे ते पाहिले पाहिजे. त्यात ऑक्सिजनचा एक अणू मध्ये आणि हायड्रोजनचे दोन अणू दोन बाजूंना असतात, पण एका सरळ रेषेत नव्हे, तर सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढतो, म्हणून त्याच्या बाजूला किंचित ऋणप्रभार आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धनप्रभार येतो. अशा ध्रुवीय रेणूंमध्ये मीठ पडले की ऑक्सिजनची बाजू सोडियमच्या धन आयनांना आणि हायड्रोजनची बाजू क्लोराइडच्या ऋण आयनांना वेढून घेते. एवढे वेढले गेल्यावर त्या आयनांमधील परस्पर ओढही पाण्यामुळे सुमारे ऐंशी पटींनी क्षीण होते.

पाठ्यपुस्तके बहुधा येथे थांबतात. माझ्या मते खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो, कारण जिप्सममध्येही आयनच असतात आणि पाणी त्यांनाही तसेच वेढते. तेव्हा हिशेब मांडावा लागतो. ५८.५ ग्रॅम मिठाचा स्फटिक मोडून त्याचे सर्व आयन एकमेकांपासून पूर्ण दूर करायचे, तर सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते, आणि पाण्याने त्या आयनांना वेढल्यावर त्यातील जवळजवळ सगळी परत मिळते. चारेक किलोज्यूलची तूट उरते. ती पाण्याच्या उष्णतेतून भरली जाते, म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गार होते. ऊर्जेच्या हिशेबाने तोटा असूनही मीठ विरघळते याचे कारण असे, की स्फटिकात जखडलेल्या आयनांना द्रावणात असंख्य तऱ्हांनी वावरण्याची मोकळीक मिळते. या मोकळिकीच्या मोजमापाला एन्ट्रॉपी म्हणतात, आणि ती वाढणे ज्या बाजूला होते त्या बाजूला निसर्गाचा कल झुकतो.

कॅल्शियम आणि सल्फेट या दोन्ही आयनांवर मात्र दुहेरी प्रभार असतो. ते एकमेकांना अधिक घट्ट धरतात, तसेच पाण्यालाही अधिक घट्ट धरतात. स्वतः मोकळे होताना ते भोवतालच्या पाण्याच्या कितीतरी रेणूंना जागच्या जागी शिस्तीत उभे करतात, आणि मिळवलेली मोकळीक तेथे खर्ची पडते. चुनखडीच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या बाबतीत ही गोष्ट फार ठळक आहे : नुसत्या ऊर्जेचा हिशेब पाहिला तर तिने विरघळायला हवे, कारण तिच्या विरघळण्यात थोडी उष्णता बाहेर पडते; तरीही लिटरभर शुद्ध पाण्यात तिचे १३-१४ मिलिग्रॅमच विरघळतात. तिला अडवते ती पाण्यावर लादली जाणारी शिस्त.

यावरून दुहेरी प्रभाराचे सगळेच क्षार अविद्राव्य असतात, असा नियम कोणी काढला तर तोही टिकत नाही. मॅग्नेशियम सल्फेट १०० ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास विरघळते, कॅल्शियम सल्फेट पाव ग्रॅमभर, आणि बेरियम सल्फेट तर लिटरमध्ये दोन-अडीच मिलिग्रॅम. प्रभार तिन्हींत सारखाच आहे, आकार बदलतो. मॅग्नेशियमचा आयन लहान असल्यामुळे पाणी त्याला अगदी जवळून आणि फार जोराने धरते. बेरियमचा मोठा असल्यामुळे पाण्याची पकड सैल होते, पण अवाढव्य सल्फेटशेजारी स्फटिकातील पकड त्या मानाने फारशी सैल होत नाही. बेरियमचे आयन विषारी असूनही पोटाचा एक्स-रे काढताना रुग्णाला बेरियम सल्फेट पाजता येते, ते न विरघळण्याच्या या गुणामुळेच.

राहिली ती पावडर. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेल्या आणि पुणे महापालिकेने प्रचारात आणलेल्या पद्धतीत अमोनियम बायकार्बोनेट वापरतात. बेकरीत बिस्किटे फुगवण्यासाठीही ते वापरले जाते. त्याचा कार्बोनेट भाग पाण्यातील कॅल्शियमला धरून चुनखडी बनवतो, आणि चुनखडी जिप्समच्या मानाने शंभराहून अधिक पटींनी कमी विरघळत असल्यामुळे ती तळाशी पांढऱ्या गाळाच्या रूपाने बसते. पाण्यातील कॅल्शियम असे सतत काढून घेतले गेले की पाणी संपृक्त राहत नाही, म्हणून मूर्तीतून आणखी थोडे जिप्सम विरघळते, त्यातील कॅल्शियमही गाळात जाते, आणि हे मूर्ती संपेपर्यंत चालते. वर पाण्यात अमोनियम सल्फेट उरते. ते नत्रयुक्त खत आहे. १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागते, म्हणून मूर्तीच्या वजनाइतकी पावडर घ्यावी असे सांगितले जाते. मूर्ती दिसेनाशी झाली, हे खरे. पण तिच्यातील कॅल्शियम बादलीच्या तळाशी दुसऱ्या, अधिक अविद्राव्य रूपात बसले आहे. पांढरा गाळ आपल्या शेजाऱ्यांनी पाहिला असेलच.

प्रश्न : ‘सारखे सारख्यात विरघळते’ असा नियम आम्हांला शाळेत शिकवला आहे. ध्रुवीय पाण्यात ध्रुवीय साखर विरघळते, अध्रुवीय तेल विरघळत नाही, हे त्यावरून कळते. पण कापूसही साखरेसारख्याच घटकांचा बनलेला असतो असे वाचले. मग कपडे धुताना ते विरघळत का नाहीत? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : आपली शंका अगदी योग्य जागी आहे. तो नियम अंदाज बांधायला उपयोगी पडतो, कारण मात्र सांगत नाही.

साखरेच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी असलेले आठ हायड्रॉक्सिल गट असतात, आणि पाण्याचे रेणू आपसांत जसे हायड्रोजन बंध (एकाच्या हायड्रोजनची दुसऱ्याच्या ऑक्सिजनशी असलेली ओढ) जोडतात तसेच ते या गटांशीही जोडू शकतात. साखरेचे रेणू स्फटिकातून सुटताना जे बंध गमावतात, त्यांच्या जागी पाण्याशी जवळजवळ तितकेच चांगले बंध त्यांना मिळतात. कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज. त्याच्या साखळीत ग्लुकोजचे हजारो घटक एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. पाणी आवडण्याचे सगळे गुण त्यात आहेत, म्हणून तर टॉवेल पाणी टिपतो. परंतु या साखळ्या सरळ असून एकमेकींना समांतर, दाटीने बसतात आणि त्यांचे गट परस्परांशीच हायड्रोजन बंध जोडून मोकळे होतात. एक साखळी सोडवायची तर हजारो बंध जवळजवळ एकाच वेळी तुटायला हवेत, आणि एवढे करून ती सुटली तरी मोकळीक मिळते ती एका रेणूला. तितक्याच वजनाच्या साखरेत हजारो रेणू स्वतंत्र झाले असते. पाणी धाग्याच्या सैल भागांत शिरते, दाट भागांत शिरत नाही. स्टार्चही ग्लुकोजचाच असतो, पण त्यातील घटकांची जोडणी वेगळी असल्यामुळे साखळ्या वेटोळ्या होतात आणि इतक्या घट्ट बसत नाहीत; म्हणून गरम पाण्यात स्टार्च फुगतो आणि तांदळाची पेज दाट होते.

तेलाबद्दलही एक समजूत दुरुस्त करण्याजोगी आहे. तेल पाण्याला दूर लोटते असे म्हटले जाते; वस्तुतः तेलाच्या आणि पाण्याच्या रेणूंमध्येही थोडे आकर्षण असतेच. अडचण पाण्याची आहे. तेलाचा रेणू पाण्यात शिरला तर त्याच्याशी हायड्रोजन बंध जोडता येत नाही, म्हणून आजूबाजूच्या पाण्याच्या रेणूंना आपसांतील बंध टिकवण्यासाठी ठराविक दिशांनाच तोंड करून राहावे लागते. त्यांची मोकळीक कमी होते. तेलाचे रेणू एकत्र आले की असे अडकून पडणारे पाणी कमी होते, आणि तवंग वेगळा होतो. एकाच रेणूत दोन्ही प्रकारचे भाग असले तर काय होते, ते अल्कोहोलांच्या मालिकेत दिसते : दोन कार्बनचे इथेनॉल पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते, चार कार्बनचे ब्युटेनॉल १०० ग्रॅम पाण्यात सात-आठ ग्रॅमच विरघळते, आणि आठ कार्बनच्या ऑक्टेनॉलचे प्रमाण लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येते. हायड्रॉक्सिल गट प्रत्येकात एकच आहे. लांबत जाते ती तेलकट शेपटी. स्वयंपाकात हळदीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा फोडणीच्या तेलात लगेच उतरतो, नुसत्या पाण्यात फारसा उतरत नाही, तो याच कारणाने.

प्रश्न : पाणी गरम केले की सर्वच पदार्थ जास्त विरघळतात का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. साखरेच्या बाबतीत फरक मोठा आहे. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात पावणेपाचशे ग्रॅमच्या पुढे, आणि दाट पाक गार झाल्यावर साखर धरतो तो यामुळे. मिठाला उष्णतेचे जवळजवळ काहीच वाटत नाही : ३६ ग्रॅमचे उकळत्या पाण्यात ३९ होतात. वायू उलट वागतात. हवेच्या संपर्कातील गोड्या पाण्यात शून्य अंशाला लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात उथळ तळ्यांतील मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतात, त्यामागचे हे एक कारण.

ज्यांच्या विरघळण्यात उष्णता बाहेर पडते अशा काही घन पदार्थांची विद्राव्यताही तापमानाबरोबर घटते. वर आलेली चुनखडी त्यांपैकी एक. बोअरच्या जड पाण्यात ती विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या मदतीने बायकार्बोनेटच्या रूपात टिकून असते. गीझरमध्ये पाणी तापले की तो वायू निघून जातो, चुनखडीची विद्राव्यताही आणखी कमी होते आणि कॉइलवर पांढरा थर चढतो. दुसरा पदार्थ म्हणजे खायचा चुना. तो २० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे १.७ ग्रॅम विरघळतो, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहून कमी. तेव्हा चुन्याची निवळी करायची असेल तर पाणी थंडच घ्यावे.