वडिलांना लिव्हर सिरॉसिस आहे. दोनदा पोटातलं पाणी काढलं, तरी पुन्हा होतं. असं का होतं? कायमचा उपाय काय?

आमच्या आप्पांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही. गळ्यात तुळशीची माळ, एस्टीत ३१ वर्षं कंडक्टरकी. तरी त्यांना सिरॉसिस झाला. हे आधीच सांगते, कारण 'पोटात पाणी झालंय' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत जो प्रश्न उमटतो तो मला पाठ झालाय. वीस वर्षांची साखर, सुटलेलं पोट आणि सोनोग्राफीच्या कागदावरचं 'फॅटी लिव्हर', जे आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. लिव्हर वाळायला तेवढंही पुरतं.

तुमचा प्रश्न आमच्या घरात भांडण होऊन बसला होता. आप्पांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, म्हणायचे, "विहीर उपसली की पाझर वाढतो. सुई लावू नका." तात्यांची स्वतःची विहीर आहे, त्यामुळे सगळ्या भावकीने माना डोलावल्या. मी दिल्या घरची मुलगी, मला कोण विचारतो.

अठरा दिवस असे घालवले. पोट नगाऱ्यासारखं ताणलं, बेंबी बाहेर आली. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून आप्पा खुर्चीतच झोपायचे. त्यात तात्यांनी त्यांचं पाणी तोडलं, दिवसाला दोन फुलपात्री. आत पाणी झालंय तर वरून आणखी कशाला ओतायचं, असं त्यांचं म्हणणं. मीठ मात्र चालू, कारण ते सैंधव. सैंधव थंड असतं म्हणे! एका रात्री ताप भरला, पोट दुखायला लागलं आणि पहाटे आप्पा मला म्हणाले, "सुट्टे काढा. कुठं उतरणार?"

दवाखान्यात सुईने थोडं पाणी तपासायला घेतलं. त्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला २५० किंवा त्याहून जास्त निघाल्या तर पाण्यातच जंतू झालेत असं धरतात. आप्पांच्या त्याच्या कितीतरी पट होत्या. अँटिबायोटिकची सलाइनं लागली, शौचाला साफ व्हायचं औषध सुरू झालं, तेव्हा चौथ्या दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारली.

नंतर तात्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. पाझर पोटात नाहीच. माझ्या आईचं माहेर कोयनेच्या फुगवट्यात गेलं, ते तात्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. कडक झालेलं लिव्हर म्हणजे धरणाची भिंत. आतड्यांकडून येणारं रक्त तिथे अडतं, मागे फुगवटा चढतो आणि पाणी पोटात झिरपतं. रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन लिव्हरच बनवतं, तेही कमी पडतं. वर मूत्रपिंडांची फसगत वेगळी. पोटाकडच्या रक्तवाहिन्या सैल पडून रक्त तिकडेच रेंगाळतं, मूत्रपिंडांना वाटतं दुष्काळ पडला, आणि ती मीठ साठवू लागतात. मिठामागे पाणी आलंच. सुईने फुगवटा उपसता येतो, भिंत तिथेच राहते. म्हणून पुन्हा होतं, सुईमुळे नव्हे.

तात्या म्हणाले, "मग उपसून उपयोग काय?" माणूस आडवा झोपू शकतो, हा उपयोग!

म्हणून पाणी नाही, मीठ तोडा. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. पापड, लोणचं, फरसाण घरातच आणू नका. सैंधवातही सोडियमच असतं. 'कमी सोडियम'वालं मीठ तर मुळीच नको, त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन या लघवीच्या गोळीने ते आधीच चढतं. पिण्याचं पाणी मोजायची वेळ येते ती रक्तातलं सोडियम १२५ च्या खाली गेल्यावर. लघवीच्या गोळ्या बहुधा स्पायरोनोलॅक्टोन १०० आणि फ्युरोसेमाइड ४० मिलीग्रॅम अशा जोडीने सुरू करतात आणि वजन बघत वाढवतात. एका वेळी ५ लिटरच्या वर पाणी काढलं तर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं लागतं, नाहीतर मूत्रपिंडांवर येतं. तुमच्या वडिलांना दोन्ही वेळा दिलं होतं का? तुम्ही लिहिलं नाहीत, विचारून घ्या.

गोळ्या घेऊनही पाणी हटत नसेल तर आधी घरात शोधा: गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी चालू आहे का, चोरून मीठ किंवा दारू चालू आहे का. मग डॉक्टर लिव्हरच्या शिरेतली गुठळी, गाठ, टीबी हे बघतील.

कायमचा उपाय एकच, लिव्हर बदलणं. मधला मार्ग म्हणजे गळ्याच्या शिरेतून जाऊन लिव्हरमध्ये नळी बसवतात, टिप्स म्हणतात त्याला, पण त्याने बरळणं वाढू शकतं. आप्पांचं वय ७१ आणि हृदय अशक्त, दोन्ही जमलं नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी पाणी काढत ते दोन वर्षं चार महिने जगले, तेही आडवे झोपून. एकादशी मात्र सोडावी लागली. उपाशी राहिलं की अंगावरचं मांस झडतं, म्हणून डॉक्टरांनी झोपतानाही काहीतरी खायला सांगितलं होतं. माळकरी माणूस दशमी-एकादशी काही न बघता रात्री दहाला भाकरी-दूध खायचा आणि खाताना माझ्याकडे बघायचा नाही.

मी डॉक्टर नाही, इथलं वाचून गोळ्यांचे आकडे हलवू नका. ताप, पोटदुखी, रक्ताची उलटी, काळी शी, लघवी कमी होणं किंवा बरळणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अठरा दिवस थांबू नका.

तात्या अजून सांगत फिरतात की सुईनेच भाऊ गेला. गेल्या महिन्यात त्यांची स्वतःची साखर तीनशेच्या वर निघाली. सोनोग्राफीला नेते म्हटलं तर म्हणाले, "मला कशाला? मी काय पितो?"